पावशा आणि सातभाई

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना अर्ध्यावर आला की पहाटे, टळटळीत दुपारी, कधी तर चांदण्या रात्रीसुद्धा, एक आवाज पायरी-पायरीने चढत जातो आणि टिपेला पोहोचून एकाएकी तुटतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे सांगणारा तो पावशा. हिंदी मुलखाला त्याच आवाजात 'पी कहाँ' ऐकू येते. आपल्या कोरडवाहू मुलखाने मात्र त्यात पेरणी ऐकली, आणि हे मला फार जवळचे वाटते.

वस्तुतः ही हाक शेतकऱ्यासाठी नसते. विणीचा हंगाम आला म्हणून पावशाचा नर मादीला साद घालतो, आणि तो हंगाम उन्हाळ्यातच सुरू होत असल्यामुळे त्याची हाक मृगाच्या बरीच आधी ऐकू येऊ लागते. जमिनीत पुरेशी ओल होण्यासाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असे कृषी विभाग सांगतो तेच खरे. नुसत्या पावशाच्या भरवशावर बी टाकणाऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येऊ शकते.

आज मला अधिक बोलायचे आहे ते मात्र दुसऱ्याच एका पक्ष्याविषयी. कुंपणाशी, परसात, कचऱ्याच्या ढिगापाशी मातकट रंगाचे, पिवळ्या चोचीचे, फिकट डोळ्यांचे सहा-सात पक्षी कलकलाट करत पाचोळा उलथताना आपण सर्वांनीच पाहिले आहेत. हे सातभाई. त्यांच्याकडे कोणी मुद्दाम थांबून पाहत नाही, आणि त्यांना सातभाई म्हणून ओळखणारेही आता शहरात थोडेच उरले आहेत. परंतु पावशा स्वतः घरटे बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते, आणि ते अंडे सातभाईंच्या अंड्यांसारखेच निळे असते. शिवाय पावशाचे रूप आणि उडण्याची ढब शिकरा या शिकारी पक्ष्याशी इतकी मिळतीजुळती असते की तो झाडात शिरताच लहान पक्षी घाबरून ओरडू लागतात.

मागच्या वर्षी आमच्या परसातल्या लिंबाच्या झाडाखाली मी एक पिल्लू पाहिले. अंगावर तपकिरी रेघा आणि ठिपके असलेले ते पिल्लू पंख थरथरवत एकसारखे खाणे मागत होते, आणि एक सातभाई त्याच्या चोचीत अळी भरवत होता. तो उडून गेला तोच दुसरा आला, मग तिसरा. सातभाईंच्या थव्यात केवळ आईवडीलच नव्हे, तर इतर जाणती मंडळीही पिल्लांना भरवतात, हे मला वाचून माहीत होते. परंतु परक्याचे पोरही सारे घर मिळून वाढवते, हे डोळ्यांनी पाहताना मी हातातले काम विसरून बराच वेळ तिथेच उभा राहिलो. आपण फसवले गेलो आहोत याची त्यांना जाणीव असते की नाही, हा प्रश्न त्या वेळी मला महत्त्वाचा वाटला नाही.

पावसाचा दुसरा दूत, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला काळा-पांढरा चातक, हाही अंडी घालण्यासाठी बहुतेकदा सातभाईंचेच घरटे शोधतो. मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येणारे चातक आणि आपल्या कुंपणातले सातभाई यांचे नाते असे आहे. गाण्यांतून आणि म्हणींतून मान मिळाला तो चातकाला. पिल्लांचे पोट भरण्याचे काम मात्र सातभाईंकडे राहिले.

सातभाईंना घरट्यासाठी दाट पालवी लागते, आणि खाण्यासाठी पाचोळ्यातले किडे. गेल्या दहा वर्षांत आमच्या वस्तीतील मेंदीची आणि अडुळशाची कुंपणे जाऊन तिथे सिमेंटच्या भिंती आल्या, अंगणांना फरशी बसली, आणि पडलेला पाला सकाळच्या सकाळी जाळला जाऊ लागला. याचे मला मनापासून वाईट वाटते. आमच्या लिंबाखालचा पाचोळा आम्ही आता झाडत नाही.

ते पिल्लू पंधरा-वीस दिवस दिसत होते, नंतर दिसेनासे झाले. यंदा मे महिन्यात त्याच बाजूने 'पेरते व्हा' ऐकू आले, तेव्हा मी आवाजाच्या दिशेने पाहण्याआधी लिंबाखाली पाहिले. सातभाई पाचोळा उलथत होते. मी मोजले, ते आठ होते.