गाव तुमची वाट बघत थांबत नाही

नमस्कार मंडळी!

माझं पात्र तळघरात बरंच खोल उतरलं होतं. समोर तीन राक्षस, औषधाची एकच बाटली उरलेली. तेवढ्यात स्क्रीनवर कळलं की वर गावावर हल्ला झालाय. हातातली लढाई सोडून पळत सुटलो, पण पोचेपर्यंत दुकानदार मेला होता. आणि हे का झालं माहितीये? एका म्होरक्याला मारायचं काम मला आधीच मिळालं होतं. मी म्हटलं, बघू नंतर, आधी लूट गोळा करू. मी लूट गोळा करत होतो तेव्हा तो तिकडे बळ वाढवत होता.

हा गेम म्हणजे सोल्डॅक एंटरटेनमेंटचा 'दिन्स कर्स', 2010 सालचा. यात गाव, त्याखालचं तळघर, लोकांच्या अडचणी, सगळं दरवेळी नव्याने तयार होतं.

आता ही रँडम नकाशांची कल्पना जुनीच. 1980 च्या 'रोग' (Rogue) या गेममध्ये चित्रं नव्हतीच. तुम्ही म्हणजे ॲट-द-रेटचं चिन्ह, राक्षस म्हणजे इंग्रजी मोठी अक्षरं. तीन बाय तीन असे नऊ चौकोन धरायचे, त्यांत लहानमोठ्या खोल्या टाकायच्या आणि त्या बोळांनी जोडायच्या. एवढ्यावर दर डावाला नवा नकाशा!

मग 1996-97 च्या सांध्यावर 'डायाब्लो' आला. तोही आधी 'रोग'सारखाच पाळीपाळीने खेळायचा बनत होता, नंतर तो रिअल टाइम केला गेला, म्हणजे राक्षस तुमच्या चालीसाठी थांबत नाहीत. तिथे नकाशाबरोबर हत्यारंही रँडम. आपण व्याकरणात शब्दाला उपसर्ग आणि प्रत्यय लावतो ना, तसंच साध्या तलवारीच्या नावाला पुढे-मागे शब्द लागतात आणि प्रत्येक शब्द एक गुण घेऊन येतो. कुठला मेळ जमेल सांगता येत नाही, म्हणून जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू उचलून बघावीशी वाटते.

पण खरं सांगू? नुसत्या रँडमचा मला कंटाळा येतो. दहाव्या तळघरात तेच दगड, तेच बोळ, फक्त वळणं वेगळी. नकाशा कितीही बदलला तरी तिथले राक्षस मी दार उघडेपर्यंत जागच्या जागी उभेच असतील, तर काय उपयोग?

'दिन्स कर्स'मध्ये ते उभे राहत नाहीत. राक्षसांच्या टोळ्या आपापसांत लढतात. न केलेलं काम चिघळतं, त्यातून दुसरं संकट उभं राहतं. माणसं मेली तर ती खरोखर जातात. अख्खं गावही हातचं जाऊ शकतं, मग पुढचं गाव. ही गोष्ट कोणी लिहून ठेवलेली नसते. गेमकडे फक्त नियम असतात, पण त्यांना माझ्या उशिराचीही दखल घ्यावी लागते. म्हणून मेलेला दुकानदार माझ्या लक्षात राहिलाय. त्याचं मरण पटकथेत नव्हतं, ते माझ्यामुळे झालं.

आता मी नव्या गावात पाय ठेवला की आधी दुकानात जात नाही. सगळी कामं वाचतो आणि यातलं कुठलं थांबू शकणार नाही ते शोधतो. चला, हे गाव आत्ताच तयार झालंय. पहिलं काम वाचूया.