गॅस न पेटवता बिस्किटं, मुलांच्या हातची

श्रोतेहो, नमस्कार.

चार-पाच वर्षांचं मूल स्वयंपाकघरात लुडबुडायला आलं की आपण त्याला बाहेर पिटाळतो. कारण तिथं विस्तव असतो, सुरी असते, उकळतं दूध असतं. आज मी जी बिस्किटं सांगणार आहे, त्यांना यातलं काहीच लागत नाही. ओव्हन नाही आणि गॅससुद्धा नाही. मापं सावकाश सांगेन, कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

अमेरिकेत घरोघरी न भाजता कुकीज करतात. साखर, दूध, लोणी आणि कोको उकळून त्यात ओट्स आणि शेंगदाण्याचं बटर घालतात आणि चमच्याने कागदावर ढीग पाडतात. पाक मिनिटभर खळखळून उकळला नाही तर त्या घट्टच होत नाहीत, आणि जास्त उकळला तर कोरड्या होऊन भुगा होतो. चवीला उत्तम, पण तो पाक उकळत्या पाण्याहून गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो. लहान मुलांना सोबत घेऊन तो प्रकार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कच्च्या मैद्याचं पीठ मळून ते चाखू देणं हेही योग्य नाही. न भाजलेल्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. आपण तयार बिस्किटांचा चुरा वापरणार आहोत. तो आधीच भाजलेला असतो, त्यामुळे मुलाने मधेच चाखून पाहिलं तरी काळजी नाही.

आता मापं लिहून घ्या. मारी बिस्किटं २०० ग्रॅम. शिवाय चार-पाच बिस्किटं वेगळी काढून ठेवा, ती कशासाठी ते पुढे सांगते. पिठीसाखर ६० ग्रॅम. बिनसाखरेची कोको पावडर सपाट ३ मोठे चमचे. लोणी ७५ ग्रॅम. आणि तापवून पूर्ण गार केलेलं दूध ४ ते ५ मोठे चमचे. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा, मापाच्या संचातला. घरातले वाढायचे चमचे लहानमोठे असतात, आणि या कृतीत चमचाभर दुधाने खूप फरक पडतो.

ड्रिंकिंग चॉकलेटची पावडर घेत असाल तर तिच्यात साखर असते, म्हणून पिठीसाखर निम्मी करा. मात्र रंग आणि चव फिकीच येईल. बाजारातलं पिवळं बटर खारट असतं, ते चालतं, पण मग वेगळं मीठ घालू नका. घरचं पांढरं लोणी घेतलंत तर ते धुऊन, हाताने दाबून पाणी काढून टाका. तरी त्यात पाणी उरतंच, म्हणून दूध चमचाभर कमी. तूप घ्यायचं तर ६० ग्रॅम पुरे, कारण तुपात पाणी नसतं, नुसता स्निग्धांश असतो.

मूल येण्याआधी मोठ्यांनी दोन कामं उरकावीत. सगळं मोजून वाट्यांत काढून ठेवायचं, आणि लोणी अर्धा तास बाहेर ठेवून मऊ करायचं. लहान मुलाचं लक्ष फार तर अर्धा तास टिकतं. डबे शोधण्यात त्यातली दहा मिनिटं गेली तर बिस्किटं वळायच्या वेळी मूल उठून गेलेलं असतं.

मग हात धुवायचे, नखांसकट. आणि नियम एकच ठेवा: बोट चाटलं की हात पुन्हा धुवायचा. रागावण्यापेक्षा प्रत्येकाला चाखायला वेगळा छोटा चमचा दिलेला बरा.

पहिलं काम चुऱ्याचं, आणि मुलांना सगळ्यात जास्त आवडतं तेही हेच. दोन-तीन वर्षांचं मूल बिस्किटांचे हाताने तुकडे करेल. मोठं मूल ते तुकडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून लाटणं फिरवेल. पिशवी अर्धीच भरा आणि तोंडाचा एक कोपरा उघडा ठेवा, म्हणजे हवा निघून जाते. घट्ट बांधलेली पिशवी फुटते आणि चुरा घरभर होतो. लाटणं आपटायचं नाही, दाबून फिरवायचं. पावसाळ्यात किंवा कोकणच्या दमट हवेत उघड्या पुड्यातली बिस्किटं सादळतात. तशी बिस्किटं चुरली जात नाहीत, चेपली जातात. म्हणून पुडा नवा फोडा.

चुरताना मुलांना सांगायला एक गोष्टही आहे. मारी बिस्किट १८७४ मध्ये लंडनच्या पीक फ्रीन्स या बेकरीने काढलं. रशियाची राजकन्या मारिया इंग्लंडच्या राजपुत्राशी लग्न करून आली, तिच्या नावाने.

चुरा रव्याच्या चाळणीने चाळून घ्या. वर राहिलेले तुकडे पुन्हा पिशवीत. मिक्सर वापरला तर काम मिनिटात होतं, पण मग मुलाला करायला उरतंच काय? शिवाय अगदी पिठासारखा बारीक चुरा दूध जास्त ओढतो आणि बिस्किट दातांना चिकटतं. रवाळ चुराच चांगला.

कोको आणि पिठीसाखर एकत्र चाळून चुऱ्यात मिसळा. कोको आधी कोरड्यात मिसळायचा, कारण थंड दुधात तो विरघळत नाही, वर तरंगतो आणि त्याच्या गुठळ्या होतात. आता मऊ लोणी घालून बोटांच्या टोकांनी चोळायला सांगा, शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतात तसं. मुठीत दाबल्यावर चुरा एकत्र राहिला, पण बोट लावताच पुन्हा मोकळा झाला, की लोणी नीट लागलं.

दूध घालताना मात्र घाई नको. बहुतेकांची बिस्किटं इथेच बिघडतात. आधी तीनच चमचे घाला, कालवा, आणि दोन मिनिटं थांबा. बिस्किटाचा चुरा दूध सावकाश पितो. लगेच हात लावला तर मिश्रण कोरडं वाटतं, माणूस आणखी दूध ओततो, आणि पाच मिनिटांनी सगळं लगदा होऊन बसतं. म्हणून दूध वाटीने ओतायला देऊ नका, मुलाच्या हाती चमचा द्या आणि त्याला मोजू द्या. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट गोळा झाला की थांबायचं.

तरीही सैल झालंच तर बाजूला ठेवलेली ती चार-पाच बिस्किटं चुरून घाला. साखर घालू नका. साखर दुधात विरघळते आणि मिश्रण आणखी पातळ होतं. कोकोही वाढवू नका, कडवट होईल. उलट, वळताना कडांना भेगा पडत असतील तर गोळा कोरडा आहे, तिथे छोट्या चमच्याने एक चमचा दूध पुरे. आणि गोळा तेलकट होऊन हाताला चकाकी येत असेल तर त्यात चूक मापाची नसते, लोणी वितळू लागलेलं असतं. लोणी आपल्या अंगाच्या उष्णतेनेच मऊ पडतं, आणि मुलांचे तळहात गरम असतात. अशा वेळी काहीच न घालता गोळा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. खरं तर उन्हाळ्यात वळायला घेण्याआधीच तो दहा मिनिटं ठेवावा.

आता मोठ्या सुपारीएवढ्या, साधारण १५ ग्रॅमच्या गोळ्या करायच्या. एवढ्या मिश्रणात २५ ते २८ होतात. मूल गोळी वळेल आणि वाटीच्या बुडाने दाबेल. जाडी अर्ध्या बोटाएवढी हवी, पातळ केली तर उचलताना मोडतात. पेढ्याचा साचा घरात असेल तर फार छान ठसा येतो. साच्याला आतून तुपाचा पुसट हात फिरवा, नाहीतर नक्षी साच्यातच राहते. वरून सुक्या खोबऱ्याचा कीस किंवा भाजलेले तीळ दाबता येतील. ताटात बटर पेपर किंवा तुपाचा हात, त्यावर बिस्किटं सुटी सुटी मांडा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये २० मिनिटं पुरतात.

दूध किंवा कोको नको असेल, त्यांच्यासाठी खजुराची बिस्किटं आहेत. मऊ बिनबियांचा खजूर २०० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट १०० ग्रॅम, ओट्स ५० ग्रॅम, तूप एक मोठा चमचा आणि चिमूटभर मीठ. ओट्स आधी मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडे भाजून गार केले तर चव खुलते, ते काम मोठ्यांनी आदल्या दिवशी करून ठेवावं. खजूर ‘बिनबियांचा’ असं पाकिटावर छापलेलं असलं तरी प्रत्येक खजूर उघडून पाहा, एखादी बी राहतेच. तो दाबून मऊ करायचं काम मुलांना द्या. खजूर कडक असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून निथळून, फडक्यावर टिपून घ्या. ओला खजूर वापरला तर बिस्किटं चिकट राहतात आणि लवकर आंबतात. सगळं मळून, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटून, डब्याच्या छोट्या झाकणाने गोल कापायचं.

शेंगदाण्यांबद्दल दोन गोष्टी नीट ऐका. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, बदाम, काजू देऊ नका. घशात अडकून श्वास कोंडू शकतो. कूट बारीक असावं. आणि शेजारपाजारची मुलं बोलावणार असाल तर कोणाला दाण्यांची किंवा दुधाची ॲलर्जी आहे का, ते त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा. दाणे टाळायचे असतील तर भाजलेल्या तिळांचं कूट घेता येतं, पण तिळाचीही ॲलर्जी असते, तेही विचारून घ्या. साखरेऐवजी कोणी मध सुचवतं. घरात वर्षाखालचं बाळ असेल तर मध घातलेलं त्याच्या तोंडात जाणार नाही याची काळजी घ्या.

कोकोची बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये चार दिवस राहतात. त्यात दूध आहे, म्हणून ती बाहेर ठेवायची नाहीत आणि शाळेच्या डब्यातही द्यायची नाहीत, दुपारपर्यंत मऊ पडतात. डब्यात द्यायची तर खजुराची. ती फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतात. फक्त थरांच्या मध्ये कागद घाला, नाहीतर सगळी एकमेकांना चिकटून एकच मोठं बिस्किट होतं.