नकाशाला फोटो द्या, १५ जीबी देऊ नका

नमस्कार, श्रोतेहो.

मांडवीहून लहरीपुरा दरवाजा, पुढे न्यायमंदिर, मग सूरसागरला वळसा घालून दांडिया बाजार. ऑनलाइन नकाशासाठी फोटो काढणारा माणूस एवढ्या वाटेवर दीडशे फोटो सहज काढतो. दुकानांच्या पाट्या, दवाखान्याच्या वेळा, बँकेच्या दाराशी उतार आहे की तीन पायऱ्या, स्कूटर कुठे लावता येते. कामाचे फोटो आहेत, आणि बडोद्यात असं हौसेनं करणारे पुष्कळ आहेत. पण महिना-दोन महिन्यांत फोनवर सूचना झळकते, ‘स्टोरेज भरलं आहे’. तिकडे दुर्लक्ष केलं तर पुढे कुणीतरी फोन करून विचारतं, अहो, तुम्हाला पाठवलेला मेल परत आला, पत्ता बदललात का?

हे का होतं, ते आधी हिशेबानं पाहू. गूगलच्या खात्यात फुकट मिळतात १५ जीबी. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांची ही एकच कोठी, एकानं जास्त भरलं की बाकीच्यांना जागा नाही. १ जून २०२१ पूर्वी थोडे आकसलेले फोटो कितीही चढवा, ते मोजले जात नव्हते. त्या तारखेनंतर चढलेला प्रत्येक फोटो मोजला जातो. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही याच १५ जीबीत धरला जाऊ लागला. आयफोनवाल्यांना आयक्लाउडवर फुकट मिळतात ते ५ जीबीच.

आता फोटोचं वजन. १२ मेगापिक्सेलचा साधा फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. चार एमबी धरले तर दीडशे फोटोंचे ६०० एमबी, म्हणजे अशा पंचवीस फेऱ्यांत कोठी भरली. पण कॅमेऱ्यात ५० मेगापिक्सेलचा पर्याय चालू असेल तर एक फोटो १२ एमबी किंवा त्याहून जड होतो. मग आठ फेऱ्यांतच काम तमाम. हा ५० चा आकडा फोन विकताना मोठा दिसतो, पण असे बहुतेक फोन एरवी शेजारचे चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि संध्याकाळच्या उजेडात तोच स्वच्छ येतो. दुकानाची पाटी वाचायला ५० मेगापिक्सेल लागत नाहीत. गूगल दुकानदारांना स्वतःच्या जागेचे फोटो चढवताना जी मर्यादा सांगतं ती ५ एमबीची आहे, आणि शिफारस केलेला आकार ७२० बाय ७२० पिक्सेल एवढाच. तेव्हा पहिलं काम हे: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ५० मेगापिक्सेल बंद करा.

आता खरी गोम कुठे आहे ते ऐका. गूगल मॅप्सवर चढवलेला फोटो तुमच्या १५ जीबीत धरला जात नाही. धरली जाते ती त्याच फोटोची दुसरी प्रत. तुम्ही घरी येता, फोन वायफायला लागतो, आणि गूगल फोटोज त्या दीडशेच्या दीडशे पाट्या गुपचूप क्लाउडवर नेऊन ठेवतं. नातवाचा वाढदिवस आणि पंक्चरवाल्याची पाटी, दोन्ही सारख्याच मायेनं. म्हणून नकाशाचे फोटो बॅकअपच्या वाटेतून बाजूला काढायचे. अँड्रॉइड फोनवर ते असे.

फेरीला निघण्यापूर्वी फोटोज अ‍ॅप उघडा, उजवीकडे वर आपल्या चित्रावर बोट ठेवा, सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप बंद करा. फोटो काढून घरी आलात की फाइल्स अ‍ॅपमधून त्या दिवसाचे फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमधून उचला आणि पिक्चर्समध्ये ‘नकाशा’ नावाचा फोल्डर करून तिथे हलवा. कॉपी करू नका, हलवा. मग बॅकअप पुन्हा चालू करा, आणि बॅकअपच्या सेटिंगमध्ये फोनवरच्या फोल्डरांची यादी असते, तिथे ‘नकाशा’समोरचं बटण बंद असल्याची खात्री करा. नंतर मॅप्स उघडून ती जागा शोधा आणि ‘फोटो जोडा’मधून याच फोल्डरातले फोटो निवडा. हलवल्यामुळे फोटोत नोंदलेली वेळ आणि अक्षांश-रेखांश पुसले जात नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलात तर मात्र ते पुसले जातात. सोबत्याला पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पोळांतल्या, म्हणजे जुन्या वस्तीतल्या, अरुंद गल्ल्यांत जीपीएस भरकटतं, शेजारच्या गल्लीतली खूण दाखवतं. तिथे फोटोतल्या नोंदीवर विसंबू नका, जागा हातानं तपासा.

ज्यांची कोठी आधीच भरली आहे त्यांनी घाईघाईनं काही पुसू नये. आधी गूगल वन या गूगलच्या जागा देणाऱ्या सेवेचं स्टोरेजचं पान उघडून कोण किती खातंय ते पाहा. पुष्कळदा दोषी निघतो तो नवरात्रातला गरबा. फोनवर फोर-के व्हिडिओ एका मिनिटाला दीडशे ते चारशे एमबी घेतो, म्हणजे पाच मिनिटांच्या एका फेरात तुमच्या शेकडो पाट्या बसल्या असत्या. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग, चॅट्स, चॅट बॅकअप या वाटेनं जाऊन व्हिडिओचा समावेश बंद केला तरी बराच फरक पडतो.

पुसताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. फोटोजमध्ये ‘या डिव्हाइसवर जागा मोकळी करा’ असं बटण आहे. ते फोनमधली प्रत काढतं, क्लाउडमधली नाही. लोक ते दाबतात, क्लाउडचा आकडा हलत नाही, मग वैतागून अ‍ॅपमधून फोटो पुसतात. तेव्हा एकमेव उरलेली प्रत जाते. आणि बॅकअप चालू असताना अ‍ॅपमधून पुसलेला फोटो फोन आणि क्लाउड दोन्हीकडून जातो, हा दुसरा घोटाळा. सावरायला वेळ असतो, कारण बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, पण तोपर्यंत तो जागाही खातोच. आकडा लगेच खाली यायला हवा असेल तर ट्रॅश रिकामा करावा लागतो, आणि तो हार्ड डिस्कवर प्रत घेतल्याशिवाय करू नये. गूगल फोटोजमधला फोटो पुसला म्हणून नकाशावर चढवलेला जात नाही, ती प्रत वेगळी असते. मर्यादा ओलांडून दोन वर्षं तसंच पडून राहिलं तर गूगल त्यातला मजकूर काढून टाकू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

लोकांची चिडचिड होते त्यामागे जुनं कारणही आहे. २०१५ मध्ये गूगलनं लोकल गाइड्सच्या, म्हणजे नकाशासाठी हौसेनं फोटो आणि माहिती देऊन गुण मिळवणाऱ्यांच्या, वरच्या पातळीवर पोहोचलेल्यांना दोन वर्षांसाठी १ टीबी जागा फुकट दिली होती. लोकांनी ती भरली. मुदत संपल्यावर सामान राहिलं, कोठी गेली. आता एका फोटोला ५ गुण मिळतात, आणि गुणांनी जागा मिळत नाही. फुकट काम करणाऱ्याला निदान स्वतःच्या कामापुरती जागा देणं कंपनीला जड नव्हतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तेव्हा दुसरी घरंही पाहून ठेवा. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी केलेला नकाशा फोटो स्वतः साठवत नाही, फक्त दुवा ठेवतो. फोटो ठेवायला विकिमीडिया कॉमन्स आहे, विकिपीडियावाल्यांचं फोटोंचं भांडार. तिथे माणशी कोटा नाही, फोटो मूळ आकारात राहतो, एका वेळी पन्नास चढवता येतात. अट एकच, परवाना मुक्त हवा, म्हणजे कुणी तुमचा फोटो धंद्यासाठी वापरला तरी चालेल असं तुम्ही लिहून देता. आणि सगळंच तिथे चालत नाही. रस्त्यावरून दिसणारी इमारत किंवा चौकातला पुतळा आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमानं मोकळा आहे, भिंतीवरचं चित्र नाही. कीर्ती मंदिराची इमारत बेलाशक चढवा. आतली भित्तिचित्रं नंदलाल बोसांची, ते १९६६ मध्ये गेले, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तेव्हा २०२६ साल संपेपर्यंत तिथे हात आवरलेला बरा. तांबेकर वाड्यातली चित्रं एकोणिसाव्या शतकातली, तिथे ही अडचण नाही.

रस्त्याची सलग चित्रं घ्यायची तर मॅपिलरी हे अ‍ॅप. मालक मेटा, पण जागेचा कोटा नाही, आणि चेहरे व गाड्यांचे नंबर आपोआप पुसट होतात. चित्रं चढेपर्यंत फोनमध्येच असतात, म्हणून निघताना दोन-तीन जीबी मोकळे ठेवा आणि घरी वायफायवर चढवा.

राहिला प्रश्न, पैसे भरून जागा घ्यावी का? घरचे व्हिडिओ खूप असतील तर १०० जीबी जरूर घ्या. घरातल्या आणखी पाच जणांत ती वाटता येते. केवळ नकाशासाठी मात्र एक पैसाही देऊ नये. त्याऐवजी वर्षातून एकदा, उत्तरायणानंतर म्हणा, गूगल टेकआउट, म्हणजे गूगलकडची आपली माहिती उतरवून घ्यायची सोय, उघडा, सगळ्या खुणा काढून फक्त मॅप्सवर खूण ठेवा, दोन जीबीच्या तुकड्यांत मागवा. दुवा मेलवर येतो आणि काही दिवसांनी बंद होतो, तेव्हा आला की लगेच उतरवून घ्या. फोटोंसोबत जेसन नावाच्या छोट्या फाइली मिळाल्या तर कचरा समजून पुसू नका, फोटोविषयीच्या नोंदी त्यांत असतात.