बाईमाणसाला बरी नोकरी?

बारावी झाली की, लग्न ठरताना, नाहीतर नवऱ्याची कमाई पुरेनाशी झाली की, आपल्याकडं बाईला एक सल्ला फुकट मिळतो. बीएड कर की! दिवाळीची सुट्टी, मे महिना मोकळा, पोरं शाळेतून येतात तेव्हा आपणपण घरी. बाईमाणसाला यासारखी नोकरी नाही.

पण ही सगळी सोय नोकरी लागल्यानंतरची. लागेपर्यंतचं कोणी बोलतच नाही, म्हणून आपण आधी त्याबद्दल बोलू.

(दृश्य: बार्शी, दुपारची वेळ. ओट्याशेजारी वही घेऊन बसलेल्या ताई, चेहरा दिसत नाही.)

या ताई बार्शीच्या. नाव नको म्हणल्या, सासरी अजून सगळ्यांना सांगितलेलं नाहीये. बीएस्सी झालेल्या, वय ३३, मोठी दुसरीला, धाकटा अडीच वर्षांचा. मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान आहे. घरी गणित-विज्ञानाच्या ट्युशन घेतात, आणि शिकवणं जमेल का हा प्रश्नच नाही, ते जमतंय, पोरं दुसरा क्लास सोडून यांच्याकडं येतात. अडलंय ते वर्षांच्या हिशोबात.

बीएड आधी एक वर्षाचं होतं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. त्यात इंटर्नशिप, म्हणजे शाळेत जाऊन पाठ घ्यायचे, पाठाची टाचणं काढायची, सगळं मिळून २० आठवडे, आणि हे सगळं भर दिवसा, धाकट्याला कोणाकडं तरी ठेवूनच. बऱ्याच जणी म्हणतात, मग मुक्त विद्यापीठातून घरी बसून करते. नाही होत. ते बीएड आधीच शाळेत शिकवत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे, घरी असलेल्या बाईला तिथं दार बंद.

मग डीएड? आता डीएलएड म्हणतात, तेही दोन वर्षांचंच. पहिली ते पाचवीला तेच लागतं, कारण ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की त्या वर्गांना बीएड चालणार नाही. ताईंना सहावीच्या पुढचं शिकवायचंय, त्यामुळं बीएडच. निदान वहीत तरी.

त्यानंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर, १५० मार्कांचा, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के पाहिजेत. निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि सर्टिफिकेट पूर्वी ७ वर्षं चालायचं ते आता आयुष्यभर चालतं. लेकुरवाळीला या सगळ्या रस्त्यात खरा आधार कशाचा असेल तर याचाच, पोर आजारी पडलं, अभ्यास बुडाला, तर पुढच्या वेळी द्या, आणि एकदा निघाली की निघाली.

खरी गोची पुढं आहे. अभियोग्यता चाचणी, २०० प्रश्न, दोन तास, 'पवित्र' या सरकारी पोर्टलवरची शिक्षकभरती हिच्याच मार्कांवर होते. पहिली झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी थेट २०२३ ला. तिसरी २०२५ ला. म्हणजे मधे एकदा पाच वर्षं नुसती वाट बघण्यात गेली, कितीजणांची लग्नं झाली, पोरं झाली, पुस्तकं रद्दीत गेली. आणि वयोमर्यादा खुल्याला ३८, मागासवर्गीयांना ४३. आता ताईंचं गणित लावा, ३३ अधिक बीएडची दोन म्हणजे ३५, त्यात टीईटी, आणि चाचणी परत तशीच लांबली तर? एखाद्या भरतीत वयाची सवलत मिळते, मिळालीये, पण सवलत मिळेल या भरवशावर घर कसं चालवायचं.

(दृश्य: महाराष्ट्राचा नकाशा.)

समजा लागली नोकरी. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन महिना १६,००० रुपये. २०२३ च्या आधी ६,००० होतं, तेव्हा सुधारणा म्हणायची! पोर्टलवर पसंतीक्रम देता येतो पण मार्कांचं काय सांगावं, जिल्हा नंदुरबार पण निघू शकतो. सोळा हजारात तिकडं खोली, इकडं संसार. पती-पत्नी एकत्रीकरण म्हणून बदलीत सोय आहे, पण त्यात नवराही नोकरीवाला लागतो, हार्डवेअरच्या दुकानाला ते लागू नाही.

सोयी खोट्या आहेत असं नाही हां. १८० दिवसांची प्रसूती रजा, वर मूल १८ वर्षांचं होईपर्यंत सगळ्या नोकरीत मिळून १८० दिवस बालसंगोपन रजा, ही बालसंगोपन रजा खासगीत कोण देतं? पण एकदा चिकटलं की सुटलो, हेही आता राहिलं नाही. सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं जुन्या शिक्षकांनाही, ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलीये त्यांना, दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या बाया परत बालमानसशास्त्र पाठ करतायत.

माझं मत विचाराल तर 'शिकवायची आवड आहे का' हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी या पाच-सहा वर्षांत पोरांना कोण बघणार ते नाव घेऊन ठरवा. 'सासूबाई बघतील' असं सगळेच म्हणतात, सासूबाईंना विचारलेलं कोणीच नसतं.

ताईंनी विचारलं. सासूबाई म्हणल्या, दुपारपर्यंत सांभाळते, पुढचं माझ्यानं व्हायचं नाही, गुडघे दुखतात. मग दुपारनंतर दुकानात पगारी माणूस ठेवून मिस्टरांनी घरी यायचं, दोन वर्षं. मिस्टर म्हणतात, दिवाळीचा सीझन होऊ दे, मग बोलू. ताई म्हणल्या, बीएडच्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा, फॉर्म निघायच्या आत सांगा, आणि नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, मी ट्युशनची दुसरी बॅच सुरू करते.