काठावर छापलेली किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्याकडची जुनी माणसं अजूनही रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात. हा शब्द घराघरांत आणला दुसऱ्या महायुद्धानं. आणि तेव्हा कंट्रोलमध्ये नुसतं धान्य नव्हतं, कापडही होतं.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि तिकडचं स्वस्त कापड बंद झालं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा मालही आटला. मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते, पण मागावरून उतरणारं कितीतरी कापड लष्कराकडे जात होतं. उरलेलं व्यापाऱ्यांनी दाबून ठेवलं. १९४३ च्या मध्यापर्यंत भाव युद्धापूर्वीच्या जवळपास पाचपट झाले! भाव ठरायचा वारावर. त्यामुळे वाराला वाढलेला प्रत्येक आणा नऊवारी नेसणाऱ्या बाईला नऊदा मोजावा लागायचा.

जून १९४३ मध्ये सरकारनं सुती कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला. भाव ठरवण्यासाठी जे मंडळ सल्ला देई, त्यात गिरणीमालकही होते. चोराच्याच हाती किल्ल्या, असं कुणी म्हणेल. पण एक वार कापडाला खर्च किती येतो, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

मला या सगळ्यात आवडते ती शिक्क्याची युक्ती. गिरणीनं कापडावरच किंमत छापायची. गिऱ्हाइकानं ठाण उलगडावं, शिक्का वाचावा आणि तेवढेच पैसे द्यावेत. घासाघीसच नको.

भाव खरोखर उतरले. पण शिक्का किंमत सांगतो, कापड विणत नाही. छापील भावाचं धोतर मागितलं की दुकानदार रिकामं कपाट दाखवायचा, आणि तेच धोतर मागच्या दारानं काळ्या बाजारात निघायचं.

स्वातंत्र्यानंतर हा वाद पेटला. नियंत्रणामुळेच लबाडी वाढते, ती उठवा, असं गांधीजी १९४७ च्या अखेरीस दिल्लीतल्या प्रार्थनासभांत सांगत होते. लबाडीबद्दल ते चुकले नव्हते. जानेवारी १९४८ मध्ये कापडावरचा कंट्रोल उठला. दुकानं मालानं भरली, पण भाव असे चढले की पुढच्या काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी कापडावर शिक्का परत आला.