नळीमागच्या रेघा

(शाळेचा व्हरांडा. बाकावर काचेच्या नळ्यांचा स्टँड.)

नंदुरबार जिल्हा, धडगाव तालुका. सातपुड्यातली एक आश्रमशाळा. घंटा केव्हाच झालीय, पण सातवीचा वर्ग अजून व्हरांड्यात रांगेत उभा आहे. आज सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी.

सिस्टर बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवतात. टोचतात. पोरगा तोंड फिरवतो, मागचे खिदळतात. आलेल्या थेंबातलं फक्त 20 मायक्रोलिटर रक्त पिपेटमध्ये चढतं आणि नळीतल्या द्रावणात उतरतं. नळी दोनदा उलटीसुलटी केली की स्टँडवर. आता पाच मिनिटं थांबायचं.

(नळी, अगदी जवळून.)

थांबायचं आपण; नळीत काम चालू आहे. द्रावणातलं सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं आणि आतलं हिमोग्लोबिन बाहेर येतं. डायथायोनाइट त्यातला ऑक्सिजन काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन तरीही विरघळलेलंच राहतं. सिकलचं राहत नाही. त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर वळले जातात, आणि द्रावण गढूळतं. अंगात असेच दोर वळले की गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. सांध्यांतली ती असह्य कळ इथून सुरू होते.

शिकागोच्या डॉक्टर जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचं वर्णन छापलं ते 1910 साली. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळला 1952 मध्ये. सातपुड्यात तो तेव्हाही असणारच, नळी घेऊन कुणी आलं नव्हतं इतकंच.

सिस्टर नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, नाही दिसल्या तर पॉझिटिव्ह. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. उजेड मात्र लागतो, म्हणून तर बाक वर्गातून व्हरांड्यात आलाय. ज्या गावात पावसाळ्यात जीप पोचत नाही तिथेही ही तपासणी डोक्यावरच्या डब्यातून पोचते. अट एकच, नळीतलं औषध थंड हवं आणि ताजं हवं. जुनं डायथायोनाइट पॉझिटिव्ह रक्तालाही निगेटिव्ह म्हणून सोडून देतं.

(ही नळी बघा. मागे रेघा नाहीत.)

मुलीच्या नावापुढे रजिस्टरमध्ये अधिकचं चिन्ह पडतं. पण या चिन्हाचा अर्थ काय? रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे, एवढाच. ते आईबापांपैकी एकाकडून आलं असेल तर ती वाहक. बहुतेक वाहकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. दोघांकडून आलं असेल तर ती पीडित, आणि तिला औषधं, लसी, वेळेवर दवाखाना, सगळंच लागणार. नळी दोघींची सारखीच गढूळते.

उलटही होतं. पुढच्या मुलीच्या डोळ्याची खालची पापणी सिस्टर बोटाने ओढून बघतात. आतून पांढुरकी. रक्त फार कमी असलं तर गढूळपणा नजरेत भरत नाही, रेघा दिसतात आणि पोर निगेटिव्ह म्हणून घरी जाते. सिस्टर तिच्या नावावर पेन्सिलीने गोल करतात. हिचीही दुसरी तपासणी होणार. हा गोल कुठल्याही छापील रकान्यात बसत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तरी ही नळी फसते.

काही ठिकाणी आता पट्टीचं किट आलंय, ते वाहक आणि पीडित जागेवरच वेगळे सांगतं. इथे त्या दिवशी नळीच होती.

(जांभळ्या टोपणाच्या बाटल्या, बर्फाचा डबा, जीप.)

म्हणून दुसरी तपासणी, एचपीएलसी नावाच्या यंत्रावरची. दंडातून रक्त, बर्फाचा डबा, घाट, जिल्ह्याचं ठिकाण. यंत्र प्रत्येक हिमोग्लोबिनचा वेगळा सुळका काढून दाखवतं आणि त्याची टक्केवारी सांगते की पोर वाहक आहे की पीडित. दुखणं कधी उठेल, किती वेळा उठेल, ते या कागदावरही नसतं.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य. हे लक्ष्य तपासणीचं. आमचं म्हणणं, दुसरा कागद किती घरांत पोचला तेही मोजा. तो येईपर्यंत गावात 'पॉझिटिव्ह' हा शब्द पोचलेला असतो आणि एखादी सोयरीक मोडलेलीही असते.

(जीप घाट उतरते. व्हरांडा.)

डबा गेला. नळ्या धुवायला गेल्या. रेघांचा कागद बाकावरच राहिलाय, आणि पोरं पाण्याच्या बाटल्या त्याच्यापुढे धरून एकमेकांना विचारतायत, "तुझ्या दिसल्या?"