दमडीच्या मेणबत्त्या आणि लाल डगले

४ जून १७८९. ऑस्ट्रेलियातलं सिडनी. इंग्लंडहून कैद्यांची पहिली जहाजं येऊन सव्वा वर्ष उलटलंय. धान्य मोजूनमापून मिळतंय. मार्चमध्येच सरकारी कोठारावर डल्ला मारल्याबद्दल सहा जणांना फाशी झाली. कैद्यांना नव्हे हं, पहाऱ्यावरच्या शिपायांना!

अशा वसाहतीत आज नाटक आहे. राजा तिसरा जॉर्ज याचा वाढदिवस. गव्हर्नर आर्थर फिलिप जातीने हजर, प्रेक्षक साठेक. आणि नट? झाडून सगळे कैदी.

नाट्यगृह म्हणजे एका कैद्याची झोपडी. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने थाट नोंदवून ठेवलाय: तीन-चार वार रंगीत कागद आणि मातीच्या भिंतींवर लावलेल्या डझनभर दमडीच्या मेणबत्त्या. नटांची नावं मात्र त्याने लिहिली नाहीत. तेवढी तसदी कोण घेणार?

नाटक होतं 'द रिक्रुटिंग ऑफिसर'. लेखक जॉर्ज फार्कर. हा आधी डब्लिनमध्ये नट होता. एका प्रयोगात त्याच्या हाती खरी तलवार राहिली, समोरचा नट जबर जखमी झाला आणि फार्करने तोंडाला रंग लावणं सोडलं. पुढे लष्करात लेफ्टनंट होऊन तो इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावात सैन्यभरती करत होता. तिथे पाहिलेल्या लबाड्या त्याने १७०६ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात मांडल्या. पुढच्याच वर्षी तो गेला, जेमतेम तिशीत.

त्यातली एक लबाडी पाहा. सार्जंट काइट दोन खेडुतांना अ‍ॅन राणीचं 'चित्र' भेट देतो. चित्र कसलं, सोन्याचं नाणं! त्यावर नाव 'कॅरोलस', म्हणजे चार्ल्स राजाचं. काइट ठोकून देतो, लॅटिनमध्ये अ‍ॅन राणीला कॅरोलसच म्हणतात. राणीचा पैसा घेतला, म्हणजे झालात भरती! तेवढ्यात कॅप्टन प्लूम येतो, सार्जंटला झापतो, खेडुतांची बाजू घेतो. गडी इतके खूश, की आपणहून फौजेत नाव घालतात.

आता त्या झोपडीत हा प्रवेश कसा दिसला असेल? गरिबाला गोड बोलून फशी पाडणारे लाल डगलेवाले, म्हणजे इंग्रज फौजी, रंगवत होते कैदी, आणि पुढ्यात हसायला बसले होते खरे लाल डगलेवाले. डेव्हिड कॉलिन्स हा दुसरा अधिकारी लिहितो, की थोडं हसू आणावं, एवढाच नटांचा नम्र हेतू होता. असेल. पण नाटक फार्करचं होतं.

त्याआधी, १७३६ साली, अमेरिकेत चार्ल्सटनचं डॉक स्ट्रीट थिएटर याच नाटकाने उघडलं होतं. तिथे ती निव्वळ करमणूक. खरा दात दाखवला तो जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेश्टने, पूर्व बर्लिनमध्ये, १९५५ साली. त्याने कथा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात नेली: इंग्लंडला वसाहती दडपायला माणसं हवीत, म्हणून ही भरती. त्याच वर्षी पलीकडे पश्चिम जर्मनी नाटोत शिरून नवं सैन्य उभं करत होता.